गुण, गोल आणि वहिवाट

२०२४चा दसरा १२ ऑक्टोबरला आला होता. त्या दिवशी व्हिएतनाममधल्या नाम दिन्ह शहरात भारताचा फुटबॉल संघ एका गोलने मागे होता. ५३व्या मिनिटाला बरोबरी झाली. गोल करणारा फारुख चौधरी अंबरनाथचा. १९९६चा जन्म, २०१८पासून राष्ट्रीय संघात ये-जा. सामना १-१ असा सुटला. त्याच संध्याकाळी हैदराबादेत संजू सॅमसनने बांगलादेशाच्या गोलंदाजांना झोडपून ४७ चेंडूंत १११ धावा काढल्या, आणि आपट्याची पानं वाटत फिरणाऱ्या कल्याण-डोंबिवलीत रात्री उशिरापर्यंत तोच विषय होता. सॅमसनच्या खेळीबद्दल माझी तक्रार नाही. ती संपेपर्यंत मीही जागचा हललो नव्हतो. फारुखचा गोल मला कळला तो दुसऱ्या दिवशी, फोनवर भलतंच काही शोधताना. ज्या अज्ञानावर लिहायला बसलोय त्यात माझाही वाटा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

त्यानंतर मी एक रिकामा उद्योग सुरू केला. ठाणे, डोंबिवली, कल्याण इथे तासावर भाड्याने मिळणाऱ्या टर्फवर पोरं खेळत असली की थांबायचं आणि फारुख चौधरी हे नाव टाकून बघायचं. मेस्सी की रोनाल्डो यावर अर्धा तास हमरीतुमरीवर येणारी ही पोरं. बहुतेकांनी खांदे उडवले. एकाने "तो चेन्नईयिनचा ना?" असं विचारून माझी लाज राखली. पण लक्षात राहिलं ते पोरांचं उत्तर नव्हे. त्यांना न्यायला आलेल्या एका गृहस्थांनी स्कूटरवर बसल्या बसल्या निकाल दिला : "अहो, तेवढा चांगला असता तर नाव ऐकलं नसतं का?"

हे वाक्य मी त्यानंतर लोकलमध्ये, लग्नाच्या पंगतीत, क्रीडा पानं नेमाने वाचणाऱ्या मित्रांकडून, वेगवेगळ्या शब्दांत इतक्यांदा ऐकलं, की ते एका माणसाचं मत उरलं नाही. तो आपल्याकडचा सिद्धान्तच आहे. म्हणून त्याच्याशी जुन्या पद्धतीने, पूर्वपक्ष मांडून, दोन हात करावेत असं ठरवलं.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडणं हा वादातला आळस. तेव्हा तो भक्कम करून मांडतो. त्याचं म्हणणं असं : कस्तुरी झाकून राहत नाही. खेळ हे असं क्षेत्र आहे, की इथे वशिला मैदानाबाहेर चालेल, आत नाही. नव्वद मिनिटं सगळ्यांसमोर असतात. ज्याच्यात गुण आहे तो दिसतोच, आणि दिसला की लोक त्याला डोक्यावर घेतात. फारुख चौधरी किंवा मुंबईचा मिडफिल्डर रेनियर फर्नांडिस हे आपल्या पट्ट्यात माहीत नाहीत, याचा अर्थ ते बरे आहेत, मोठे नाहीत. या मुख्य खांबाला दोन टेकू आहेत. एक, मधल्या फळीतला खेळाडू मुळातच लोकांच्या नजरेत भरत नाही; गोल मारणारा भरतो. दोन, क्रिकेटने सगळी जागा खाल्ली आहे. आणि मोजमाप म्हणाल तर इन्स्टाग्रामवर किती जण मागे आहेत, दुकानात कुणाच्या नावाची जर्सी टांगलेली आहे, हे बघावं. उगाच भावनेच्या भरात बोलू नये.

यातली एक गोष्ट मी वादाआधीच देऊन टाकतो. फारुख आपल्या पिढीतला सर्वोत्तम भारतीय खेळाडू आहे, असा माझा दावा नाही. संघाच्या यादीत तो कधी मधल्या फळीत दिसतो, कधी आघाडीत. काम बहुधा बगलेवरून धावण्याचं. मिझोरमचा लाल्लियानझुआला छांगते त्याच्याहून वरचढ आहे हे कुणीही सांगेल. डेहराडूनचा अनिरुद्ध थापा मधल्या फळीत जास्त भरवशाचा. मुद्दा क्रमवारीचा नाही. 'नाव नाही, म्हणून गुण नाही' हे अनुमान खरं की खोटं, एवढाच आहे.

नैयायिकांकडे अशा अनुमानाची परीक्षा घ्यायची साधी रीत आहे. कारण असेल तिथे कार्य दिसलं पाहिजे, हा अन्वय. कारण नसेल तिथे कार्य दिसता कामा नये, हा व्यतिरेक. गुण हे लोकप्रियतेचं कारण असेल तर दोन्ही परीक्षांत पास व्हायला हवं.

पहिली परीक्षा. गुण आहे आणि लोकप्रियता नाही, असं एकही धडधडीत उदाहरण सापडलं तर अन्वय तुटला. मला ते ठाण्यातच सापडतं. एस. एस. नारायण हे १९५६च्या मेलबर्न आणि १९६०च्या रोम ऑलिंपिकमधले भारताचे गोलरक्षक. मेलबर्नचा संघ चौथा आला होता; ऑलिंपिक फुटबॉलमध्ये भारताने त्यावर मजल कधी मारली नाही. त्याच स्पर्धेत नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली होती. नारायण मूळचे केरळचे, मुंबईत वाढले, माटुंग्याच्या पोरांत खेळले, पुढे कॅल्टेक्स, टाटा अशा कंपन्यांच्या संघांत गोलपोस्टमध्ये उभे राहिले. ऑगस्ट २०२१मध्ये ते वारले, ठाण्यात. दोन ऑलिंपिक खेळलेला माणूस आपल्या गावात राहत होता हे किती ठाणेकरांना त्या दिवशी, निधनाच्या चौकटीतून, पहिल्यांदा कळलं असेल? मला तेव्हाच कळलं. नारायण यांच्यात गुण नव्हता असं म्हणण्याची हिंमत स्कूटरवरच्या गृहस्थांनाही होणार नाही.

यावर उत्तर येईल : तो काळ वेगळा, टीव्ही नव्हता. बरं. मग लोकप्रियतेचं कारण गुण नसून टीव्ही झाला. पूर्वपक्षाने एका वाक्यात आपला खांब सोडून दुसरा धरला. आणि तो काळ म्हणावा तितका मुका नव्हता हो. १८९१पासून चालत आलेला रोव्हर्स चषक होता, कूपरेजवर गर्दी होती, वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने येत. ती स्पर्धा २०००च्या आसपास बंद पडली, आणि तिच्याबरोबर तिची आठवण सांगणारे वर्षाकाठी कमी होत गेले.

दुसऱ्या परीक्षेसाठी कोल्हापूरला जावं लागेल, आणि तिथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळा उलगडा तिथेच आहे. राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम यांचा सामना असला की दुपारपासून त्या बाजूची वाहतूक तुंबते. शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, प्रॅक्टिस क्लब ही सगळी नावं तिथल्या शेंबड्या पोराला पाठ. हा काही देशातला सर्वोच्च दर्जाचा फुटबॉल नव्हे. कोल्हापूरकर माझ्यावर चिडतील, पण इंडियन सुपर लीगमधला कुठलाही मधल्या फळीचा खेळाडू तिथल्या बहुतेकांच्या दोन पावलं पुढे असतो. तरीही त्या पेठांमध्ये तालमीच्या मिडफिल्डरला चहाचे पैसे कुणी देऊ देत नाही. त्याने गेल्या मोसमात कुठला पास चुकवला हे पानपट्टीवाला सांगतो, त्याच्या थोरल्या भावाने पंधरा वर्षांपूर्वी कुठला चुकवला होता हेही सांगतो. सामन्यानंतर दोन्ही बाजूंची पोरं एकमेकांच्या अंगावर जातात, पोलीस येतात, संघटना बंदीच्या धमक्या देते, आणि पुढच्या वर्षी सगळे परत हजर. हे चांगलं की वाईट, ते राहू द्या. राष्ट्रीय दर्जाचा गुण नसताना लोकप्रियता आहे, आणि पोटभर आहे. व्यतिरेक तुटला.

आपल्याकडची दुसरी आवडती म्हण इथेच निकालात निघते. 'पिकतं तिथं विकत नाही' असं म्हणून आपण फारुखच्या बाबतीत हात झटकतो, जणू हा निसर्गनियमच. कोल्हापुरात पिकतं तिथंच विकतं. बाहेरच जात नाही, हीच तर तिथल्या खेळाडूंची तक्रार असते.

मग कारण कोणतं? माझं उत्तर सांगतो आणि मग ते तपासतो. जमिनीच्या व्यवहारातला एक शब्द आहे, वहिवाट. सातबारावर नाव कुणाचंही असो. वर्षानुवर्षं ज्या वाटेने लोक जातात ती वाट त्यांची होते. खेळाडूची लोकप्रियता ही वहिवाटीची मिळकत आहे. तेच मैदान, तोच वार, समोर तोच खुन्नस असलेला संघ, शेजारी बसलेला तोच काका, आणि हे वीस-पंचवीस वर्षं मोडू न देणारी एखादी तालीम किंवा क्लब. हे असेल तर साधा खेळाडूही घरचा होतो. नसेल तर चांगलाही पाहुणाच राहतो. गुणाचं काम त्यानंतर सुरू होतं : घरच्या चार पोरांपैकी लाडका कोण, हे तो ठरवतो. घर तो बांधत नाही.

आता मधल्या फळीचा टेकू. म्हणे, मिडफिल्डर नजरेत भरत नाही. टीव्हीच्या पडद्यापुरतं हे पुष्कळसं खरं आहे. कॅमेरा चेंडूमागे धावतो. चेंडू येण्याआधी जागा कुणी मोकळी केली हे त्याच्या चौकटीत येतच नाही. इंडियन सुपर लीगमधल्या मुंबई सिटी या क्लबकडे मोरोक्कोचा अहमद जाहू होता. त्याच्या पायातून चेंडू गेल्याशिवाय संघाचं पान हलत नसे, पण रात्रीच्या दोन मिनिटांच्या झलकेत तो क्वचित दिसायचा, आणि दिसलाच तर कुणाला तरी पाडून पिवळं कार्ड घेताना. मैदानात बसलेल्याचं तसं नसतं. तो अख्खं मैदान बघतो, आणि तिसऱ्या सामन्यापासून त्याची नजर आपोआप मधल्या माणसाकडे वळते, कारण खेळ तिथून वाहतो.

याचा दाखला कोलकात्यात. २४ सप्टेंबर १९७७ला ईडन गार्डन्सवर पेलेचा न्यूयॉर्क कॉसमॉस मोहन बागानशी खेळला, सामना २-२ बरोबरीत सुटला. त्या दिवशीच्या आठवणी निघाल्या की गौतम सरकारचं नाव आजही येतं, आणि गौतम सरकार मधल्या फळीचा. बागानच्याच त्या संघातला प्रसून बॅनर्जी, तोही मधल्या फळीचा, २०१३मध्ये हावड्यातून लोकसभेवर निवडून गेला. तृणमूलच्या लाटेत कुणीही निवडून आलं असतं, हे मान्य. पण पक्ष तिकीट देताना मतदाराला आधीच ठाऊक असलेलं नाव शोधतो, आणि खेळ सोडून पंचवीस-तीस वर्षं झालेला मिडफिल्डर हावड्यात असं नाव होता. सांगायचं एवढंच, की मधली फळी लोकप्रियतेला मारक नाही. मधल्या फळीकडे बघायला शिकलेले डोळे मात्र लागतात, आणि ते पडद्यापुढे तयार होत नाहीत.

क्रिकेटचा टेकू याहून पोकळ आहे, म्हणून थोडक्यात. कोल्हापुरात क्रिकेट कमी आहे का? कोलकात्यात सौरव गांगुली नव्हता का? एकाच घरात दोन्ही वेडं सुखाने नांदतात. क्रिकेटने फुटबॉलची जागा खाल्ली म्हणण्यापेक्षा, फुटबॉलने आपली जागा सोडली आणि तिथे कुणीतरी येऊन बसलं, असं म्हणावं लागेल.

इथवर आल्यावर मला माझ्याच उत्तराची शंका आली. वहिवाट, मैदान वगैरे ठीक. पण फारुखच्या बाबतीत साधं कारण अंतराचं तर नसेल? अंबरनाथ सीएसएमटीपासून साठ किलोमीटर. मुंबई सिटीचं घरचं मैदान अंधेरीत, सात-आठ हजार माणसं मावतील एवढं. कल्याण-अंबरनाथच्या माणसाने आधी घाटकोपर गाठायचं, मग मेट्रो, मग आझादनगरला उतरायचं. सामना साडेसातला किंवा आठला सुरू. संपल्यावर तेच उलट. कामाच्या दिवशी कोण जाईल? या स्पष्टीकरणावर मी बराच काळ खूश होतो. पहिले दोन मोसम, २०१४ आणि २०१५, हाच क्लब नेरुळला डी. वाय. पाटीलवर खेळायचा, ठाण्याहून थेट लोकल होती. २०१६ला मैदान बदललं आणि आमचा पट्टा तुटला. झालं, उत्तर मिळालं.

पण मग कोचीचे केरळा ब्लास्टर्स अंधेरीला खेळायला आले की काय होतं ते बघा. पाहुण्यांच्या बाजूला पिवळ्याधमक जर्सींचा गालिचा पसरतो. मंजप्पडा, पिवळी फौज. त्यातले सगळे काही कोचीहून येत नाहीत. डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ, उल्हासनगर इथल्या मल्याळी घरांतली पोरं त्यात असतात; तीच गाडी, तीच मेट्रो, तोच आझादनगरचा जिना. अंतराचा मुद्दा त्यांना लागू का पडत नाही? म्हणून ते स्पष्टीकरण मी नाइलाजाने मागे घेतलं.

आणि ही पोरं कुणाचं नाव घेऊन ओरडत होती? काही वर्षं तरी सहल अब्दुल समदचं. सहल हा अस्सल मिडफिल्डर, गोलांची संख्या बेताची, पायात नजाकत. २०२३मध्ये तो मोहन बागानला गेला तेव्हा केरळात सुतक पडल्यासारखं झालं होतं. आता त्याच्याशेजारी मुंबईचा रेनियर फर्नांडिस ठेवा. वयात फारसा फरक नाही, दोघेही मधल्या फळीचे, दोघांनाही २०१९मध्ये भारताची जर्सी मिळाली. सहल जास्त देखणा खेळतो, हे मान्य. रेनियरच्या खात्यावर लीग जिंकलेला मोसम आहे, हेही खरं. पण दोघांच्या लोकप्रियतेत जी दरी आहे ती पायांतल्या फरकाने भरून निघत नाही. सहलच्या मागे एक भाषा आहे. त्याच्या आधी मधल्या फळीत खेळून गेलेला जो पॉल अंचेरी आहे, पुढच्या फळीतला आय. एम. विजयन आहे, बापाने मुलाला सांगितलेले सामने आहेत, उन्हाळ्यात गावोगावी होणाऱ्या सात-सात जणांच्या स्पर्धा आहेत. म्हणजे वहिवाट मैदानालाच चिकटलेली असते असं नाही. ती माणसांबरोबर लोकलमध्ये चढून अंधेरीला जाऊ शकते. माझ्या मूळ उत्तरात ही दुरुस्ती करायला त्या पिवळ्या पोरांनी भाग पाडलं.

ओघात एक अप्रिय गोष्ट. फारुखचं नाव काढल्यावर मला दोन-तीन ठिकाणी विचारलं गेलं, "तो आपला का?" प्रश्नाचा रोख कळायला फार हुशारी लागत नाही. सहल अब्दुल समद हे नाव वाचून केरळात हा प्रश्न कुणी विचारत नाही. माणूस 'आपला' ठरवायचं काम तिथे फुटबॉल करतो. आपल्याकडे फुटबॉलला ते काम करायची संधीच मिळाली नाही.

का नाही मिळाली, याचा इतिहास छोटा आणि उदास आहे. मुंबईत क्लब नव्हते असं नाही. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१०मध्ये कंपनीने संघ बंद केला. एअर इंडियाचा संघ २०१३मध्ये आय-लीगबाहेर गेला. २००७मध्ये सुरू झालेला मुंबई एफसी २०१७मध्ये गुंडाळला. दहा वर्षांत पोरगा बापाचा हात धरून मैदानावर जायच्या वयाचा होतो, आणि नेमका तेव्हा इथे क्लब मिटतो. कंपनीच्या ताळेबंदावर उगवलेली वहिवाट ताळेबंदाबरोबर मिटते. तालीम मिटत नाही, कारण तिला मालक नसतो.

मुंबई सिटीने तरी सगळं जिंकून दिलं. २०२०-२१मध्ये लीगची ढाल आणि करंडक दोन्ही. फारुख आणि रेनियर दोघेही त्या ताफ्यात होते. आपल्या लोकलच्या टप्प्यातला पोरगा, आपल्या शहराचा संघ, देशाचं विजेतेपद. यापुढे पूर्वपक्षाला आणखी काय हवं? पण तो मोसम कोविडचा. सगळे सामने गोव्यात, प्रेक्षकांविना. १३ मार्च २०२१ला फातोर्ड्यावर ९०व्या मिनिटाला बिपिन सिंगने विजयी गोल केला तेव्हा समोर खुर्च्या होत्या. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये याच क्लबने रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असं हरवलं. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा तो पहिला विजय, आणि विजयी हेडर मुंबईच्याच राहुल भेकेचा. तेही परदेशात. गुण होता, यश होतं, टीव्हीही होता. बघायला माणसं नव्हती. 'लोकप्रिय' या शब्दात 'लोक' आधी येतात, ते काही व्याकरणाच्या सोयीसाठी नाही.

खालिद जमीलचं उदाहरण बरेच जण माझ्या बाजूने देतील. महिंद्राचा मिडफिल्डर, दुखापतींनी लवकर संपलेला. मग सात वर्षं मुंबई एफसीचा प्रशिक्षक, आणि शहराला पत्ता नाही. २०१६-१७च्या एका मोसमासाठी ऐझॉलला गेला, आय-लीग जिंकली, आणि मिझोरमने त्याला खांद्यावर घेतलं. ऑगस्ट २०२५पासून तो भारताचा प्रशिक्षक. माणूस तोच, गाव वेगळं. पण हा दाखला मी अर्धाच मोजतो. मुंबईत त्याचा संघ खालच्या पायरीवरून घसरू नये म्हणून झगडत होता, ऐझॉलमध्ये तो जिंकला. जिंकण्याला वजन आहे, ते नाकारून वाद जिंकायचा नाही.

राहिला पूर्वपक्षाचा हुकमाचा पत्ता, मेस्सी. डोंबिवलीच्या भागशाळा मैदानाशी त्याचा काय संबंध? इथे त्याची कसली वहिवाट? तरी प्रत्येक टर्फवर दहा नंबर त्याचाच. म्हणजे गुण सातासमुद्रापलीकडून दिसतोच की!

दिसतो खरा, पण कसा ते बघा. स्पॅनिश लीग वर्षानुवर्षं दर शनिवार-रविवारच्या रात्री आपल्या घरात येत होती. तोच चेहरा, तोच रंग, आणि समोर हाडवैरी म्हणून रोनाल्डो. नाक्यावर दोन तट, वर्षानुवर्षांचं भांडण. पाटाकडील आणि दिलबहारचंच हे प्रकरण, फक्त मैदान काचेचं. मेस्सी माझ्या मुद्द्याला अपवाद नाही. त्याची वहिवाट केबलवाल्याने पाडून दिली, एवढंच. १४ डिसेंबर २०२५ला तो वानखेडेवर आला, लोकांनी हजारोंची तिकिटं काढली. त्याच्याबरोबर रॉड्रिगो डी पॉलही होता, २०२२चा विश्वचषक जिंकणाऱ्या अर्जेंटिनाच्या मधल्या फळीतला राबणारा गडी. निव्वळ गुण बघायला जमलेल्या गर्दीने त्याच्यासाठीही थोडा घसा कोरडा करायला हवा होता. आणि ज्या रविवारी हे चाललं होतं त्या रविवारी भारताची स्वतःची सर्वोच्च लीग बंद पडून होती. करार संपले होते, मोसम सुरूच झाला नव्हता, तो उघडला पुढच्या फेब्रुवारीत. फारुखसारखे शेकडो व्यावसायिक खेळाडू घरी बसून होते. त्या काळात त्यांच्यापैकी कुणाची लोकप्रियता वाढायची होती, आणि कशावर?

प्रसिद्धी आणि लोकप्रियता यांत मी फरक करतो, तो इथे. नोव्हेंबर २०२३मध्ये नेमारचा सौदी क्लब अल हिलाल मुंबई सिटीशी खेळायला नेरुळला आला. सोडत निघाली तेव्हापासून लोक नेमारच्या नावाने दिवस मोजत होते. नेमारचा गुडघा ऑक्टोबरमध्येच गेला, तो आलाच नाही. लोक आले, २-० हरलेला सामना बघितला, घरी गेले. पुढे त्यातले अंधेरीला किती गेले असतील याचा अंदाज तुम्हीच करा.

शेवटी एक जोडी ठेवतो, कारण प्रयोग म्हणून याहून स्वच्छ मला सापडली नाही. २०१९-२०च्या मोसमात जमशेदपूरच्या संघात महाराष्ट्राची दोन पोरं एकत्र होती. एक फारुख. दुसरा कोल्हापूरकडचा अनिकेत जाधव, २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला. दोघेही पुढच्या बाजूला, बगलेवरून धावणारे. विश्वचषकाचा शिक्का अनिकेतवर होता, फारुखवर नव्हता, ही त्रुटी मी लपवत नाही; पण वरिष्ठ राष्ट्रीय संघाची टोपी तेव्हा फारुखकडे होती, अनिकेतकडे नव्हती. म्हणजे पूर्वपक्षाच्या तराजूत पारडं फारुखकडे झुकायला हवं. एकच क्लब, एकच प्रशिक्षक, टाटांच्या त्या गावातलं एकच मैदान. मोसम संपला की एक कोल्हापूरच्या स्टँडवर उतरायचा, जिथे रिक्षावाला आधी गेल्या सामन्यात काय बिनसलं ते विचारतो आणि मग कुठे जायचं ते. दुसरा अंबरनाथला, फलाट एकवर, डब्यातून बाहेर पडणाऱ्या गर्दीच्या रेट्याबरोबर.